खालची झोपडी

फेनाओरीला ख्रिस्ती धर्म कितपत कळला होता, असं कुणी विचारलं असतं तर आलुफिरी गावात दोन उत्तरं मिळाली असती. पाळक म्हणाले असते, पुष्कळ. तिचा स्वतःचा मुलगा म्हणाला असता, काहीच नाही. ती स्वतः एकच गोष्ट सांगायची. बाईला खालच्या झोपडीत बसावं लागत नाही, तो ख्रिस्ती धर्म. बाकीचं वाचणाऱ्यांनी बघून घ्यावं.

ती मूळची डोंगरातली. मलाइता बेटाच्या वरच्या अंगाला पूर्वज अजून डुकरं मागतात आणि माणसं मुकाट देतात, तिथली. तिथल्या वस्त्या उतारावर असत. सगळ्यात वर पुरुषांचं घर, मधे राहती घरं, आणि सगळ्यात खाली, आडव्या टाकलेल्या ओंडक्यापलीकडे, बायकांची झोपडी. महिन्याचे दिवस आले की ओंडका ओलांडून खाली जायचं. बाळंतपणाला त्याच्याही खाली, झाडीत. पुरुषानं तिकडं पाऊल टाकायचं नाही, आणि तिकडचं लाकूड, पाणी, पान काही वर यायचं नाही. आलं तर पूर्वज कोपणार आणि कुणीतरी मरणार. कोण, ते पूर्वज ठरवणार.

फेनाओरीचं पहिलं बाळंतपण त्या झाडीत झालं. मुलगी झाली आणि नऊ दिवस जगली. नवरा, सालाउ, रोज ओंडक्याशी उभा राहून विचारायचा, कशी दिसते. दहाव्या दिवशी त्यानं विचारलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलीला तिथंच पुरलं, बापानं तिला पाहिलं नाही. वर सासऱ्यानं दोन डुकरं वाहिली आणि सून कुठं चुकली याची चौकशी लावली. चौकशी लावली की चूक सापडतेच. फेनाओरीनं म्हणे ओंडक्याच्या वरच्या बाजूचं एक पान तोडलं होतं.

त्याच आठवड्यात ती उठली आणि डोंगर उतरून खाली आली. किनाऱ्यावरच्या मिशनच्या गावात बायका वाटेल तिथं चालतात, एवढं तिनं बाजारात ऐकलं होतं. आलुफिरीत पाळकांच्या बायकोनं तिचा हात धरला आणि तिला देवळाच्या वरच्या वाटेनं चढवलं. खाली पुरुष बसले होते आणि ही त्यांच्या डोक्यावरच्या वाटेनं चाललेली. भीतीनं तिचे पाय उचलत नव्हते. मग आठ दिवस ती कोण मरतं याची वाट बघत राहिली. एका म्हाताऱ्याला ताप भरला तेव्हा तिला वाटलं, हाच तो, पण तो गोळ्या खाऊन बरा झाला आणि तिसऱ्या दिवशी मासे मारायला गेला. नवव्या दिवशी ती पाळकांकडं गेली आणि म्हणाली, मला पाण्यात बुडवा.

पाळकांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. बारा वर्षं अंगावरून जाणाऱ्या एका बाईनं गर्दीत येशूच्या कपड्याला हात लावला. तिला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही, आंघोळीला गेला नाही, तिला ‘माझ्या मुली’ म्हणाला. फेनाओरीनं ही गोष्ट पदरात बांधून घेतली. बाकीच्या गोष्टींत तिची सरमिसळ व्हायची, नोहाला ती सिंहाच्या गुहेत पाठवायची, पण ही गोष्ट तिच्याकडून कधी चुकली नाही.

तीन महिन्यांनी सालाउ तिच्यामागं उतरला. बायकोवाचून रताळी कोण उकडणार, असं कारण त्यानं सांगितलं. पुढं जोथाम झाला, तो घरात, चुलीशेजारी, पाळकांच्या बायकोच्या हातांत. सालाउनं त्याच दिवशी पोराला उचललं आणि मग हातांचं काय करावं ते न कळून तो रडत बसला. फेनाओरी सांगायची, मी बाप्तिस्मा पाण्यात घेतला, ह्यानं डोळ्यांतल्या पाण्यात घेतला.

जोथामला तिनं शाळेत घातलं. सालाउ वारल्यावर स्वतः बाजारात सुपारी विकून घातलं. तिचा हिशेब सरळ होता. घरात एकाला तरी वाचता आलं पाहिजे. पुस्तकात असं लिहिलंय म्हणून उद्या कुणी काहीही सांगेल, तर तपासायला माणूस हवा.

जोथाम चांगला वाचायला शिकला. दुर्दैव हेच.

तो राजधानीत, होनियारात, पाच वर्षं काम करून आला तो एकटा आला नाही. बरोबर बायको होती, नोएलिन, दुसऱ्या बेटावरची, गुटगुटीत, सारखी खिदळणारी. आणि बरोबर रिउफा होता. रिउफा सालाउचा पुतण्या, वीस वर्षं बंदरात बोजे उचलणारी यारी चालवलेला, आवाज जड, माणूस सज्जन. याच गावात राहून मी त्याला कधी खोटं बोलताना ऐकलं नाही. लबाड असता तर गावानं त्याला चार दिवसांत ओळखलं असतं.

रिउफा म्हणायचा, गोऱ्या मिशनऱ्यांनी आपल्याला अर्धंच पुस्तक दिलं. पुढचं दिलं, मागचं लपवलं. मोशेचं नियमशास्त्र रद्द झालं असं येशू कुठंच म्हणाला नाही, उलट त्यातला काना-मात्रा ढळणार नाही म्हणाला. मग शनिवारचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, रविवारी कुणी नेला? आणि हे बघा, आपले पूर्वज बायकांना वेगळं बसवत होते, पहिलं फळ देवाला देत होते, रक्ताला जपत होते. हे सगळं मोशेच्या पुस्तकात आहे. ते वेडे नव्हते. ते नियमशास्त्रच पाळत होते, फक्त ते कुणाचं आहे हे विसरले होते.

हे बोलणं लोकांना का लागलं ते समजून घ्यायला हवं. शंभर वर्षं या लोकांनी ऐकलं होतं की तुमचे आजे-पणजे अंधारात मेले. आता एक माणूस सांगत होता की ते उजेडातच होते. जोथामच्या डोळ्यांत तेव्हा जो प्रकाश आला तो त्याच्या आईनंही पाहिला, आणि तिला तो आवडला. आपल्या सासऱ्याला कुणीतरी चांगलं म्हणालं, याचंही तिला बरं वाटलं.

पाळकांनी तीन संध्याकाळी वाद घातला. यरुशलेमेत प्रेषितांनी हा प्रश्न कधीच मिटवला, ते म्हणाले. परकीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, मानेवर हे जू ठेवायचं नाही असं ठरलं. रिउफानं शांतपणे विचारलं, परकीय कोण, आम्ही? टाळ्या पडल्या. चाळीस घरांतली बत्तीस रिउफाकडं गेली आणि पाळकांच्या देवळात आठ म्हातारी माणसं उरली, त्यांतल्या दोघांना ऐकू येत नव्हतं.

मग गावातली डुकरं गेली. खेकडे गेले, शिंपले गेले, वाम मासा गेला. शेवटचं डुक्कर खाडीपलीकडच्या गावाला दिलं त्या दिवशी बायका मुलगी सासरी निघाल्यासारख्या रडल्या. सुपारीबद्दल मोशे काही बोलला नव्हता, म्हणून ती तेवढी वाचली, आणि लोकांना त्याचा फार आधार वाटला. फेनाओरी मुलाबरोबर नव्या मंडळीत गेली. शनिवार काय नि रविवार काय, देव काही वार बघून कामाला लागत नाही, असं ती म्हणायची.

एका शनिवारी रिउफानं बाळंतपणाचे नियम वाचले. मुलगा झाला तर बाईनं चाळीस दिवस वेगळं राहायचं, मुलगी झाली तर ऐंशी.

"मुलीचे दुप्पट का?" फेनाओरीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"लिहिलंय, काकी."

"कुणी? बाईनं तर नाही."

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. रिउफाही थोडा हसला. पण त्याच बैठकीत ठरलं की झोपडी बांधायची. आणि मग अशी पंचाईत झाली की नियमशास्त्रात झोपडीचं माप नव्हतं. कुठं बांधायची, ओंडका केवढ्या अंतरावर, आतली चूल कशी, सरपण कुठून आणायचं, पुरुषांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता आणि किनाऱ्यावर जन्मलेल्या बायकांनी ती पाहिलीच नव्हती. सगळ्या गावात ते जाणणारी एकच बाई होती, आणि तेच टाकून ती पळून आली होती. ते तिच्याकडं आले. नोएलिनला तेव्हा सहावा महिना होता.

फेनाओरीनं दहा दिवस त्यांना होही म्हटलं नाही आणि नाहीही. नोएलिनला मात्र त्यात काही विशेष वाटेना. तिच्या बेटावर ही रीत कधी नव्हती, त्यामुळं भीतीही नव्हती. ती म्हणाली, "ऐंशी दिवस मला कुणी रताळी खणायला लावणार नाही ना? मग बांधाच. आई, मुलगीच होऊ दे."

अकराव्या दिवशी जोथाम आईसमोर येऊन बसला.

"आई, तू डोंगरातून पळालीस ते भुताखेतांना भिऊन. हे तसं नाही. यात भीती नाही. मोशे म्हणतो, ज्यानं शिवलं तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. अंग धुतलं की झालं. एवढंच आहे."

"एवढंच असेल तर मग ओंडका कशाला?"

"खूण म्हणून."

"मी त्या खुणेच्या पलीकडं एक पोर पुरलंय, जोथाम."

तो म्हणाला की तू बांधली नाहीस तर दुसरं कुणी तरी बांधेल, आणि ते तुझ्याइतकं नीट बांधणार नाही. हे खरं होतं. तिनं रिउफाला निरोप धाडला. बांधते, पण जागा मी ठरवणार, आणि नोएलिनजवळ आत मी राहणार. रिउफानं दोन्ही कबूल केलं, वर काकींचे आभार मानले.

झोपडी तिनं सुरेख बांधली. सागोच्या झावळ्यांचं दाट छप्पर, उंच बांबूची जमीन, धूर जायला वाट. जागेच्या बाबतीत मात्र तिनं लबाडी केली. जुन्या रीतीनं झोपडी सगळ्यात खाली, तिवरांच्या चिखलाशी असायला हवी. पुरुष जिथून पाणी भरतात त्या ओढ्याच्याही खाली. फेनाओरीनं ती वीस पावलं वर घेतली. तिथून हाक मारली तर होड्यांच्या धक्क्यावर ऐकू जात होतं. खाडी ओलांडून दवाखाना इंजिनाच्या होडीनं तासाभरावर होता. ती वीस पावलं तिनं स्वतः मोजली आणि कुणाला सांगितली नाहीत. तिचा सगळा ख्रिस्ती धर्म त्या वीस पावलांत होता.

नोएलिनला शुक्रवारी दुपारी कळा सुरू झाल्या. शनिवारी उन्हं वर आली तेव्हा मुलगी झाली, चांगली रडली, दूधही ओढायला लागली. नोएलिन हसून म्हणाली, ऐंशी दिवस सुट्टी. पण वार पडेना. फेनाओरीनं पोट चोळलं, तिला उभं केलं, ओणवं केलं, केस तोंडात धरून ओकारी काढायला लावली. वार पडली नाही आणि रक्त थांबेना. बांबूच्या जमिनीतून ते खाली मातीवर ठिबकायला लागलं. फेनाओरीला कळलं की आता तिच्या हातात काही नाही. तिनं दाराशी येऊन हाक मारली.

वीस पावलांचा उपयोग झाला. धक्क्याजवळच्या आंब्याखाली शब्बाथाची उपासना चालली होती, तिथं हाक पोचली आणि लोक ओंडक्यापर्यंत धावत आले. रिउफानं क्षणभरही वेळ लावला नाही. जीव वाचवायला शब्बाथाला इंजिन चाललेलं मोशेला चालेल, म्हणाला, तेल भरा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक त्याच्यावर नाही नाही ते बोलले. दोन पोरं धक्क्याकडं पळाली. आता नोएलिनला झोपडीतून उचलून होडीपर्यंत न्यायचं होतं. ती अंगानं भरलेली, फेनाओरी साठी ओलांडलेली.

"जोथाम, ये," ती म्हणाली. "तू खांद्याकडून धर."

जोथाम ओंडक्याशी उभा होता.

"आई, तू तिला इथवर आण. इथून मी बघतो."

"मला एकटीला उचलणार नाही. संध्याकाळपर्यंतचाच विटाळ, तूच वाचून दाखवलंस ना? मी पाणी काढून ठेवते तुला अंघोळीला. ये बाळा."

त्यानं एक पाय उचलला. ओंडक्यावर नेला. आणि परत खाली ठेवला. त्याच्या तोंडाला घाम सुटला होता आणि ओठ हलत होते, पण पाय हलत नव्हता. रिउफा पाय जमिनीत रुतल्यासारखा उभा होता, त्याच्यामागं सगळे पुरुष. पुस्तकात त्यांना अडवणारं काही नव्हतं. मोशेचा विटाळ सूर्य मावळला की फिटत होता. पण डोंगरातला विटाळ कधीच फिटत नसे, त्यानं माणूस मरत असे, आणि तो या पुरुषांच्या हाडांत होता. मोशेचं नाव घेऊन त्यांनी दार उघडलं आणि आत तो जुना येऊन बसला. जोथाम डोंगरात एक दिवसही राहिला नव्हता. ही भीती त्याला कुणी शिकवली नव्हती, शिकवली असती तर कदाचित विसरता आली असती.

शेवटी ओंडका ओलांडला तो एस्रीनं. रिउफाची ती सून, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. तिनं पोर नणंदेकडं दिलं आणि आली. दोघींनी नोएलिनला चटईवर घेतलं आणि ओढत, उचलत, टेकवत धक्क्यावर आणलं. पुरुष दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. बराच वेळ गेला.

धक्क्यावर आणखी वेळ गेला. इंजिनाची होडी मंडळीची एकच. तीतून मुलं शाळेत जात, मासे येत, शब्बाथाची भाकरी येई. बाळंतिणीचं रक्त तिच्या तळाला लागलं तर पुन्हा तीत पुरुषांनी बसायचं कसं? कुणी बोललं नाही, पण होडी कुणी पुढंही आणेना. तेव्हा जोथामला तोड सुचली. बिचाऱ्याला वाटलं, आपण बायकोला वाचवलं. त्यानं एस्रीचं जुनं होडकं आणलं, नोएलिनला त्यात निजवायला सांगितलं, आणि लांब दोरानं ते होडकं इंजिनाच्या होडीमागं बांधलं. आपण इंजिनाशी, बायको मागं दोराला. फेनाओरी होडक्यात सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाळ एस्रीकडं राहिलं.

ओढत नेलेलं होडकं वेगानं जात नाही. इंजिन वाढवलं की त्याचं तोंड पाण्यात घुसतं. खाडीभर फेनाओरी करवंटीनं पाणी उपसत होती. पाणी आधी गढूळ होतं, मग लाल झालं. जोथाम सारखा मागं वळून बघत होता, इंजिन वाढवत होता आणि होडकं बुडायला लागलं की कमी करत होता. नोएलिन शुद्धीवर होती. तिला थंडी वाजत होती. तिनं विचारलं, आई, आपण होडीत का नाही बसलो? फेनाओरीनं सांगितलं, तिकडं जागा नव्हती गं. तिला दुसरं काही सुचलं नाही आणि पुढं आयुष्यभर त्या उत्तराची तिला लाज वाटली.

दवाखान्याचं लाल छप्पर दिसायला लागलं तेव्हा तिनं करवंटी ठेवली आणि हाक मारली.

"जोथाम, इंजिन बंद कर."

"पोचलोच, आई. दिसतंय."

"बंद कर. घाई राहिली नाही."

पुरण्याच्या वेळी पाळक आले. प्रार्थना करायला आले होते, पण त्यांच्यानं राहवलं नाही. नियमशास्त्रानं मरणच येतं हे मी तीन संध्याकाळी सांगत होतो, म्हणाले. रिउफा म्हणाला, नियमशास्त्रानं इंजिन अडवलं नाही, मी स्वतः तेल भरायला सांगितलं. मग वचनाला वचन लागलं. दोघांचंही बरोबर होतं आणि खड्डा उघडा होता. फेनाओरीनं दोघांकडंही लक्ष दिलं नाही. तिनं एक मूठ माती टाकली आणि बाळाकडं, झोपडीत परत गेली, कारण बाळाचे ऐंशी दिवस व्हायचे होते. एस्री रोज येऊन पोरीला पाजायची आणि अंग धुऊन संध्याकाळी घरी जायची.

गावाला आता एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. आपण सगळं पाळलं, मग हे का झालं? डोंगरात काय आणि किनाऱ्यावर काय, हा प्रश्न पडला की माणसं चूक शोधायला निघतात. तरण्या पोरांनी डोंगरातल्या म्हाताऱ्यांना जुनी जागा विचारून घेतली आणि ओढ्यापासून झोपडीपर्यंत पावलं मोजली. झोपडी वीस पावलं वर निघाली. बाळंतपणाच्या दिवशी पुरुषांनी भरलेलं पाणी तिच्या खालचं होतं.

रिउफा ओंडक्याशी आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"काकी, ही जागा कुणी ठरवली?"

"मी."

"खालची जागा माहीत होती?"

"माहीत होती."

तो गेला. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी बोट दाखवलं नाही. तिच्या मते त्यापेक्षा सासऱ्यानं लावलेली चौकशी बरी होती.

जोथाम रोज सकाळी ओंडक्याशी उकडलेली रताळी ठेवून जात असे. वाळून तो अर्धा झाला होता. एके दिवशी तो गेला नाही, उभा राहिला.

"आई, झोपडी खाली असती तर ती वाचली असती का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिला उत्तर माहीत होतं. झोपडी खाली असती तर हाकही ऐकू गेली नसती. नोएलिन मेली ती दोराला बांधलेल्या होडक्यात, आणि ती त्या होडक्यात होती कारण तू पाय परत खाली ठेवलास. हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण समोर तिचा एकुलता एक मुलगा उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत तो काय मागतोय ते स्पष्ट दिसत होतं. चूक झोपडीची असेल तर ती त्याची नव्हती. दोघांतला एकच जण सुटू शकत होता.

"असेल," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

जोथाम ओंडक्याशी खाली बसला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. त्यानंतर तो जेवायला लागला.

ते एकदा म्हणून भागलं नाही. लोक विचारायचे आणि ती म्हणायची, चुकलं माझं. मंडळीपुढं उभी राहून म्हणाली. बाजारात परगावच्या बायकांना सांगितलं. जोथामच्या देखत तर मुद्दाम सांगायची, म्हणजे त्याचं मन थोडं हलकं होई. ऐंशी दिवस संपले, नात घरात आली, बापानं तिला उचललं, तिला दात आले, ती चालायला लागली. गुटगुटीत होती, आईसारखी खिदळायची. आणि केव्हातरी, कुठल्या दिवशी ते तिलाही सांगता आलं नसतं, फेनाओरी जे बोलत होती ते तिला खरं वाटायला लागलं. वरच्या वाटेनं जाताना तिचे पाय अडखळायला लागले. ती खालून जायला लागली. मी एकदा तिला विचारलं, ती अंगावरून जाणाऱ्या बाईची गोष्ट सांग ना. ती म्हणाली, कुठली?

पुढच्या वर्षी एस्रीला पुन्हा दिवस गेले. ओंडका ओलांडून आलेली तीच एकटी होती, म्हणून फेनाओरीला ती लेकीसारखी. सातव्या महिन्यात एस्री स्वतः तिच्याकडं आली, पोट धरून उंबऱ्यावर टेकली. रिउफानं पाठवलं नव्हतं, सासूनं पाठवलं नव्हतं. ती आपली आपण आली होती. बराच वेळ तिनं पोरीच्या दातांबद्दल वगैरे बोलणं लांबवलं.

"आजी, माझी झोपडी तूच बांध," मग ती म्हणाली. "पण यावेळी नीट जागेवर बांध गं. मला भीती वाटते."

फेनाओरीनं सुपारी थुंकली आणि कोयता मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्का ओलांडून, ओढा ओलांडून, तिवरांपर्यंत खाली उतरली. तिथून गाव दिसत नव्हतं आणि गावाला तिथलं काही ऐकू येणार नव्हतं. चिखल घोट्यापर्यंत आला तिथं ती थांबली आणि तिनं पहिला खांब रोवला.